झोपाळू अस्वलाची गोष्ट

काल बालवर्गाच्या बाईंनी वाघाची चित्रगोष्ट वाचली आणि मुलांकडून तिचं नाटकही करून घेतलं, तेव्हा पलीकडच्या खोलीत मुख्याध्यापिकांच्या कपातला चहा हिंदकळला. त्यांनी दमच भरला, "उद्या एक जरी डरकाळी ऐकू आली, तर तुमचा गोष्टीचा तास कायमचा बंद!"

म्हणून आज बाईंनी झोपाळू अस्वलाची गोष्ट काढली आणि टेबलावर चादर टाकून गुहा केली. मग काय सांगता, भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकेना! मुख्याध्यापिका शाबासकी द्यायला धावतच आल्या. बघतात तर सगळी पोरं तोंडावर बोट ठेवून गुहेभोवती बसलेली आणि आत घोरणं चाललेलं.

"अरे, तुमच्या बाई कुठायत?"



एक चिमुरडी कुजबुजली, "हळू बोला ना! अस्वल जागं झालं की गणित शिकवतं."