माफीचा उच्चार

लॉस एंजेलिसमधल्या एका कोरियन खानावळीत युफेमिया सहा वर्षं भांडी घासत होती. मालकीण बांगबाई कोरियनमध्ये ओरडायच्या. मेक्सिकोच्या युफेमियाला फक्त आवाज कळायचा. शेवटी ती तिसरीतल्या लेकीला, इत्सेलला, सोबत घेऊन आली. इत्सेलच्या शाळेत अर्धा दिवस कोरियन, अर्धा दिवस इंग्रजी चालायचं.

"सांग त्यांना, उद्यापासून मी येणार नाही. रोज उठून बोलणी कोण खाणार?"

मोठ्यांशी बोलायच्या अदबीने इत्सेलने ते कोरियनमध्ये सांगितलं. बांगबाईंनी कानामागे हात धरून ते ऐकलं.

"बोलणी? अगं, मी रोज म्हणते, आधी दोन घास खा, भांडी काय पळून जातात? मला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज चढतो."

इत्सेलने आईला स्पॅनिशमध्ये समजावलं. बांगबाई इत्सेलकडे वळल्या.

"पोरी, तुमच्या भाषेत 'माफ कर' कसं म्हणतात?"

इत्सेलने सांगितलं. बांगबाईंची जीभ काही वळेना.

"असं नाही, आजी. जीभ टाळूला लावा. हं, पुन्हा म्हणा."

सत्तरीच्या बांगबाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. चौथ्या खेपेला जमलं, तेव्हा टाळी युफेमियाने वाजवली.