खूश असण्याचे तीन शब्द

हॅपी. ग्लॅड. सॅटिस्फाइड. एक पितळी कुलूप. एक जेवणाचा डबा. तपासणीला परदेशी बाई येणार म्हणून सुपरवायझरने शिलाई कारखान्यातल्या बायकांकडून तीन इंग्रजी शब्द आठवडाभर घोकून घेतले. "तिन्हींचा अर्थ खूश. मावशी, म्हणताना तोंड एरंडेल प्यायल्यासारखं नको." तपासणीच्या सकाळी मागच्या दाराला कायम लावलेलं कुलूप काढून त्याने मावशीच्याच डब्यात दडवलं. "म्हातारीचा डबा कोण उघडतंय?" बाई मावशीपाशीच थांबली. "हॅपी?" नोकरी गेली तर चूल थंड. "हॅपी," ती म्हणाली. सुपरवायझर हसला. कुलपाचा इंग्रजी शब्द कुणी शिकवलाच नव्हता. बाई पुढे निघाली. "ग्लॅड," मावशी मोठ्याने म्हणाली. बाई वळली. "सॅटिस्फाइड," म्हणत मावशीने डबा उघडून कुलूप तिच्या हातात ठेवलं. गेल्या वर्षीच्या आगीत मावशीची धाकटी जाऊ त्याच दारापाशी सापडली होती.