नऊ वाक्यं मॅडमची

फळ्यावर बारा इंग्रजी शब्द होते आणि प्रत्येकापुढे अर्थ व एक उदाहरणवाक्य. इंडोनेशियातल्या मलांगच्या एका प्रशिक्षण केंद्रात सिंगापूरला घरकामाला जाणाऱ्या बायका ती वाक्यं घोकत होत्या. पोनिराने ती मोजली. भूक लागते, झोप येते, ताप येतो, आराम करावासा वाटतो, ते सगळं मॅडमना, म्हणजे तिथल्या मालकिणीला. अशी नऊ वाक्यं. 'मी' उरलेल्या तिनांत होती. मी भरभर काम करते. मी कधीच दमत नाही. सॉरी, माझी चूक झाली.

“बू,” तिने शिक्षिकेला तिकडच्या रीतीने 'बाई' अशी हाक मारून विचारलं, “मला भूक लागली तर काय म्हणायचं?”

“समोरचंच वाक्य म्हण.”

“त्यात मॅडमना भूक लागलीय. मी कुठे आहे?”

“तू स्वयंपाकघरात!” वर्ग खो खो हसला. “शहाणपणा पुरे, पोनिरा. उद्या बारापैकी नऊ गुण पडले नाहीत, तर विमान विसर आणि बस भात लावत.”

परीक्षेत तेच शब्द वापरून स्वतःची वाक्यं लिहायची होती. पोनिराने नऊ वाक्यांत स्वतःला घातलं आणि तिनांत मॅडमना. शेवटचं वाक्य होतं : मॅडम म्हणाल्या, सॉरी, माझी चूक झाली.

बूंनी पेपर दोनदा वाचला.

“इंग्रजी चुकलं का, बू?”

“इंग्रजी कुठे चुकलंय!” बू कडाडल्या आणि त्यांनी लाल पेन उचललं.

भाषेच्या चुका : शून्य. गुण : शून्य.