थोरलीचा हात

"ताई, आत्ता कुठला स्क्रू फिरवलात?" धाकट्या जावेनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"सातवा. ढिला वाटला," थोरली म्हणाली. ढिलाबिला काही नव्हता.

"बरं." धाकटीनं नंबर टाइप केला.

हे 'बरं'च थोरलीला झोंबायचं. एकदा तरी भांडावं की नाही बयेनं!

कागदाच्या या मशीनवर लगदा एका लांब फटीतून जाळीवर पडायचा. फटीवर स्क्रूंची ओळ. कागद कुठे जाड, कुठे पातळ, हे बोटांनी चाचपून थोरली स्क्रू पिळायची. हात असावा तर असा, असं सगळी मिल म्हणायची. मग धाकटी लग्न होऊन घरात आली आणि इंजिनिअर म्हणून मिलमध्येही. तिचा सेन्सर धावत्या कागदावर इकडून तिकडे फिरत जेमतेम एक तिरकी रेघ मोजायचा. उरलेल्या कागदाचा अंदाज तिचा प्रोग्राम बांधायचा. तो जमला, तर स्क्रू फिरवायला मोटारी बसणार होत्या. नाही जमला, तर थोरलीची जागा थोरलीकडेच.

घरी तरी काय वेगळं? पोटची पोर वेणी घालायलासुद्धा काकूकडे पळायची. "आई, तू ओढतेस!"

म्हणून चाचणीच्या आठवड्यात थोरली मधूनच एखादा स्क्रू उगाच पिळायची. कागदावर जाड पट्टा उठायचा, अंदाज तोंडावर आपटायचा, आणि थोरलीला कसं गार वाटायचं.

शेवटच्या दिवशी मॅनेजर आले. पडद्यावर अंदाजाची रेघ होती आणि प्रयोगशाळेत कागद कापून मोजलेली रेघ. दोन्ही एकमेकींवर चपखल बसल्या.

"सुरुवातीला तर नुसता गोंधळ होता की," मॅनेजर म्हणाले.

थोरली हळूच मागे सरकली. धाकटीनं तिचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"साहेब, स्क्रू मुद्दाम हलवून कागद कुठे, किती बदलतो हे पाहिल्याशिवाय प्रोग्राम शिकत नाही. चालत्या मालावर तसं करायला तुम्ही परवानगी देत नव्हता. ताईंनी मात्र एकेक स्क्रू हलवला आणि विचारलं तेव्हा नंबरही सांगितला. खराब मालाचा बोल स्वतःवर घेऊन!" तिचे डोळे भरून आले. "ताई, तुमच्यामुळेच आता कुणाला स्क्रूला हात लावायला नको."