शेजाऱ्याची साक्ष

डोळ्यांनी दगा दिला तशी ललिताताईंनी शिलाई मशीन विकून टाकली आणि सिडकोतल्या घराचं कमर्शियल मीटर घरगुती करून द्या, असा वीज बोर्डात अर्ज टाकला. पाहणीला आलेल्या साहेबांनी रिकामी खोली पाहिली आणि पंच म्हणून शेजारच्या खैरनार नानांना बोलावलं. नळाच्या पाण्यावरून नानांचं ताईंशी जुनं वाकडं. ते ठसक्यात म्हणाले, "मशीन आज हलवलीय, उद्या परत येईल. खोटं कशाला बोलू, साहेब? धंदा चालतो इथे!"

अर्ज फेटाळला गेला. ताई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. कमर्शियल तर कमर्शियल, म्हणत त्यांनी ती खोली एका बँडवाल्याला तालमीसाठी भाड्याने देऊन टाकली. पलीकडे नानांची झोपायची खोली, मधे एकच भिंत. त्यात लग्नसराई तोंडावर आलेली. सकाळी क्लॅरिनेट, दुपारी ढोल, संध्याकाळी सगळंच एकदम. नानांच्या झोपेचं पार खोबरं झालं.

महिनाभरात नाना स्वतःच नवा अर्ज लिहून ताईंच्या दारात हजर. डोळे लाल, आवाज मऊ. "ताई, त्या बँडवाल्यांना तेवढं काढा आणि इथे सही करा. घरगुती मीटरसाठी बोर्डात मी स्वतः साक्ष देतो."

आतला ट्रम्पेट थांबेपर्यंत ताई थांबल्या. मग हसून म्हणाल्या,



"खोटं कशाला बोलू, नाना? धंदा चालतो इथे!"