शनिवारची समई

प्राध्यापक उपासनींनी पेटती मेणबत्ती रिबेकाबाईंपुढे धरली. विद्यापीठातल्या ज्यू इतिहासाच्या व्याख्यानमालेचं उद्घाटन शहरातल्या ज्यू आजींच्याच हातून व्हावं, ही त्यांचीच हौस.

आजींनी हात पदराखाली घेतले. "हात फार कापतो हो माझा, सर. समई तुम्हीच लावा."

सभागृह हळहळलं. उपासनींनी वाती लावल्या, फोटो झाले. गाडी पाठवूनही आजी उन्हातून चालत का आल्या, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग उपासनींनी आपल्या भाषणाचं पहिलंच वाक्य वाचलं, "शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, ज्यू माणूस विस्तव पेटवत नाही, वाहनात बसत नाही..." आणि त्यांची मान वर होईना. सभागृह शनिवारी मोकळं मिळतं म्हणून तारीख त्यांनीच ठरवली होती.

शेजारच्या खुर्चीतून आजींनी काठोकाठ भरलेला पेला त्यांच्यापुढे धरला. थेंबही सांडला नाही.