वीस सेकंदांचा उजेड

महिन्याभरात तीन पेशंटांच्या दाढांतलं फिलिंग निखळलं, तशी सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. दवाखाना दोघी डॉक्टरांचा. दाढ सून भरायची, निळ्या दिव्याने मऊ मसाला सासूबाई कडक करायच्या. “जाड थर कोंबतेस ना? वर दगड, खाली लोणी!” “नाही हो, आई.” “बघतेच!” त्यांनी स्ट्रॉच्या दोन तुकड्यांत स्वतः पातळ थर भरला. एकावर सुनेने दिवा धरला, दुसऱ्यावर त्यांनी. दोन्हींना वीस सेकंद. पात्याने तळ खरवडला. सुनेचा खडखडीत, सासूबाईंचा मेणासारखा सुटला. “तूच काहीतरी केलंस!” म्हणत त्यांनी पुन्हा दिवा धरला. आयुष्यभर डोळे दिपू नयेत म्हणून मान वळवून सेकंद मोजले, या वेळी दिव्याच्या नारिंगी संरक्षक काचेतून पाहिलं. उजेड थरथरत स्ट्रॉवरून घसरत होता. त्यांनी दिवा खाली ठेवला. पुढच्या पेशंटची दाढ भरून सुनेने दिवा त्यांच्या हाती दिला आणि मनगटाखाली आपला तळहात टेकवला. “मोजा तुम्ही, आई.”